एक ठोका म्हणजे थांब

१

त्या घरात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि दोन्हींकडे पाणी नेणारा पाईपही एकच होता. पाईप बारीक. स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला, की न्हाणीघरातलं गार पाणी पळून जायचं आणि अंघोळ करणाऱ्याच्या अंगावर नुसतं कढत पाणी पडायचं. त्यावरून सकाळी सकाळी आरडाओरडा व्हायचा. आईला आरडाओरडा मुळीच खपत नसे. तिने एक पद्धत पाडली. सिंकखाली जिथे पाईप भिंतीतून बाहेर डोकावतो, तिथे आधी दोन ठोके द्यायचे. आत असेल त्याने पाईपवरच उत्तर द्यायचं. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चालेल. काहीच आलं नाही, तर आत कोणी नाही, खुशाल नळ सोडा.

"हे घर आहे का तारऑफिस?" मावशी विचारायची. पण पद्धत अशी अंगवळणी पडली होती, की मुंगी शाळेतल्या नळावरही आधी दोनदा टकटक करायची. मैत्रिणी हसायच्या. मुंगी लाल व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायची. मुंगी हे तिचं घरातलं नाव. बोलायची कमी, दिसायची सगळीकडे, म्हणून.

मग आई गेली. दवाखान्यात गेली, लोखंडी खाटेवर, घरापासून लांब. न्हाणीघराशी तिच्या जाण्याचा काही म्हणता काही संबंध नव्हता. मुंगीने ही गोष्ट पुढे पुष्कळदा मनाशी घोळवली.

त्यानंतर घरात बाबा आणि मुंगी एवढेच उरले. कोणी फारसं रडलं नाही. दोघंही थंडीत बधिर झालेल्या बोटांसारखे वागत होते; काम करत होते, पण हाताला काही लागत नव्हतं.

एका सकाळी बाबा चहाचं आधण ठेवायला उठले. सवयीने सिंकखाली वाकले आणि पाईपवर दोन ठोके दिले. मुंगी टेबलाशी वेणी घालत बसली होती. न्हाणीघर रिकामं होतं. त्याचं दार सताड उघडं होतं, ते तिला बसल्या जागेवरून दिसत होतं.

पाईपमधून उत्तर आलं. तीन ठोके, कसेतरी, एकमेकांत अडखळलेले.

बाबा वाकलेलेच राहिले. मुंगीच्या हातातली वेणी सुटली.

"हवा असेल," बाबा म्हणाले. "पाईपात हवा अडकते कधी कधी."

तीन ठोक्यांना त्या घरात काहीच अर्थ नव्हता.

२

सिंकचा नळ आधीपासूनच गळत होता. बाबांनी ठरवलं की सगळं स्वतःच दुरुस्त करायचं. ते छापखान्यात कामाला होते. यंत्रं खोलायची, साफ करायची, पुन्हा बसवायची, यात त्यांचा हात बसलेला होता. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, पाना आणला, पांढऱ्या टेपची गुंडाळी आणली. नळ खोलून झिजलेला वायसर काढला, नवा घातला. गळती थांबली. मग सिंकखाली आडवे पडून त्यांनी मुंगीला समजावलं, "हे बघ, पाणी एकदम अडलं की पाईपाला हिसका बसतो. भिंतीवरचा क्लॅम्प सैल आहे, त्यामुळे पाईप आपटतो. भूतबीत काही नाही."

"मी कुठे म्हटलं भूत?" मुंगी म्हणाली.

बाबांनी क्लॅम्प आवळला. पाईप आणि भिंत यांच्यामध्ये रबराचा तुकडा सारला. मग पाण्याला हिसका बसावा म्हणून नळ सोडला, झटकन बंद केला. पाईप हलला नाही. आवाज नाही. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, मुंगीकडे पाहून ते जरासं हसले आणि गंमत म्हणून दोन ठोके दिले.

एक ठोका आला. स्वच्छ, सुटा.

थांब.

आणि ते दोघं थांबले. हे मुंगीला नंतर फार विचित्र वाटलं. त्या वेळी वाटलं नाही. आतून थांब म्हटलं की थांबायचं, इतकी वर्षं तेच केलं होतं. आधण ठेवायचं राहिलं. थोड्या वेळाने बाबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा एकच ठोका.

त्या दिवसापासून दोन ठोके कधी आलेच नाहीत.

३

बाबा जिन्याखालच्या नळावरून बादली भरून आणू लागले. न्हाणीघरातून बादली भरता आली असती. दोघांनाही ते सुचलं होतं, दोघांनीही बोलून दाखवलं नाही. आत कोणी असताना कसं जायचं? अंघोळीला मात्र जावंच लागे. मुंगी आत जाण्याआधी दारावर टकटक करी आणि मग स्वतःवरच चिडे.

हळूहळू बाबा छापखान्यात जाईनासे झाले. मालकाचा फोन वाजत राही. बाबा सिंकसमोर लाकडी पाटावर बसून असत. मधूनच ठोके देत, उत्तर ऐकत, पुन्हा बसून राहत. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा होता.

मावशी आली ती नाक दाबतच आली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची, शिवणकाम करायची आणि तोंडाने अशी फटकळ, की गिऱ्हाईकं मापं देतानाच घाबरायची.

"अगं बाई! ही भांडी आहेत का डोंगर? भाऊजी, नळ दुरुस्त केलात म्हणे. मग धुतलीत कशाने, नजरेने?"

तिने बाह्या सारल्या आणि सरळ नळ सोडला. पाणी धो धो आलं. नेहमीसारखं, गार, पारदर्शक.

बाबा ताडकन उठले. त्यांनी नळ बंद केला. "थांब म्हटलंय ना!"

"कोणी म्हटलंय?"

बाबांनी पाईपकडे पाहिलं. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग मुंगीकडे पाहिलं. मुंगीने मान खाली घातली.

जाताना मावशीने मुंगीला दारात गाठलं. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. "हे बघ पोरी, ताई गेली, आमच्या हातात काही नव्हतं. पण हे असं डोळ्यांदेखत दुसरं माणूस जायला लागलं तर मी बघत बसणार नाही. रविवारी येते. भाऊजी उठून कामाला लागलेले दिसले तर ठीक. नाहीतर तुला माझ्याकडे नेणार. शाळा तिकडून कर."

"आणि बाबा?"

मावशीने चप्पल घातली.

मुंगीला एकच हवं होतं. बाबा त्या पाटावरून उठायला हवे होते. बस, बाकी काही नको.

४

तिने प्लंबरला बोलावलं. प्लंबर गोलमटोल, आनंदी माणूस होता. बाबांचं काम बघून म्हणाला, "वा साहेब, टेप झकास गुंडाळलीय. एवढी तर मी बायकोच्या डब्याला पण गुंडाळत नाही." मग सिंकखाली शिरला आणि पान्याने पाईपवर सहज दोनदा ठोकून पाहिलं.

एक ठोका आला.

प्लंबर थांबला. त्याने पाना खाली ठेवला आणि बाहेर येऊन मांडी घालून बसला. "आवरू दे त्यांचं, घाई नाही," तो म्हणाला.

"कोणाचं?" मुंगीने विचारलं.

"आत आहेत ना कोणी?"

"कोणी नाही."

प्लंबरने वाकून न्हाणीघराच्या उघड्या दारातून पाहिलं. पालथी बादली, कोरडी फरशी. त्याने मुंगीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबा पाटावर शांत बसले होते.

"हवा असते," प्लंबर म्हणाला. "जुन्या लायनीत हवा असते." त्याने हत्यारं पिशवीत भरली. पिशवीची चेन त्याला जिन्यात जाऊन लावावी लागली.

मुंगी बराच वेळ तिथेच उभी राहिली. त्याला आपली पद्धत कोणी सांगितली नव्हती. एक ठोका म्हणजे थांब हे त्याला कळलं कसं? का तो ठोकाच असा होता, की कोणालाही कळावा?

५

मुंगीला सगळ्या गोष्टी नीट बघायची खोड होती. तिने आता हीसुद्धा बघायला घेतली.

आई ठोके द्यायची ते बोटातल्या अंगठीने. टिण टिण, भराभर, जरा वैतागूनच. आणि ती कोणाला ताटकळत ठेवायची नाही. थांब म्हटलं तरी अंगावरचा साबण निघाला की लगेच चालेल म्हणायची. हा ठोका मऊ होता, बोथट. हाड नसलेल्या बोटाने मारल्यासारखा. आणि पहिल्या दिवशी तर याला काहीच येत नव्हतं. आधी तीन मारून पाहिले, मग एक. एक मारल्यावर माणसं थांबतात, हे याने पाहिलं. मग एकच मारत राहिलं.

हे आठवत नव्हतं. हे शिकत होतं.

शुक्रवारी दुपारी ती न्हाणीघरात जाऊन उभी राहिली. बाबांनी पलीकडून दोन ठोके दिले, ते तिला पाईपमधून लख्ख ऐकू आले. उत्तर मात्र ऐकू आलं नाही. ती बाहेर धावली.

"आलं का उत्तर?"

"आलं," बाबा म्हणाले. "थांब म्हणतेय."

म्हणजे ते न्हाणीघरात नव्हतं. स्वयंपाकघरातही नव्हतं. भिंत वीतभर जाडीची होती. मुंगीने हाताने मापून पाहिली होती.

ती बाबांसमोर बसली. "बाबा, ती आई नाही."

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

"मला माहीत आहे गं. मला काय तिचा ठोका ओळखता येत नाही?" ते पाईपकडे बघत होते. "पण विचारलं की उत्तर तरी देतं. आत कोणीतरी आहे असं वाटतं. तेवढंच."

मुंगीला खूप काही बोलायचं होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं. "मी आहे ना बाहेर."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. तिच्या अर्धवट वेणीकडे, न धुतलेल्या गणवेशाकडे. त्यांचे डोळे भरून आले. आई गेल्यानंतर मुंगीने ते तसे पहिल्यांदाच पाहिले.

"पाईपच बदलून टाकतो," ते म्हणाले. "उद्याच. मग सोमवारी कामावर जातो."

६

शनिवारी सकाळी बाबा दाढी करून कामाला लागले. छिन्नी-हातोडीने भिंत फोडली. ताटलीएवढं आरपार भोक पडलं. टाकीकडून येणाऱ्या पाण्याचा मोठा कॉक बंद केला. दोन्हीकडचे नळ सोडून ठेवले. पाईप घशात खाकरल्यासारखा आवाज करून रिकामा झाला, शेवटचा थेंबसुद्धा पडून गेला. मग त्यांनी नळ पुन्हा बंद केले, जुना तुकडा करवतीने कापला. तुकड्यातून मुंगीने आरपार पाहिलं. आत गंज होता, दुसरं काही नव्हतं. बाबांनी तो खिडकीत ठेवून दिला आणि नवा तुकडा बसवला.

"आता तू न्हाणीघरात जा," ते म्हणाले. "तिकडून पाईप घट्ट धर. मी इकडून जॉईंट आवळतो. नाहीतर सगळाच फिरेल. जमेल ना मुंगीबाई?"

"मुंगीला काय, स्वतःपेक्षा मोठं उचलायची सवय असते," मुंगी म्हणाली. बाबा चक्क मोठ्याने हसले. ते हसू घरात इतकं नवं वाटलं, की ती न्हाणीघरात जाताना दारावर टकटक करायलाही विसरली.

ती फरशीवर उकिडवी बसली आणि तिने दोन्ही हातांनी पाईप धरला. पलीकडे पान्याची करकर चालू झाली. पाईप तिच्या मुठीत जरा फिरला, मग रुतला. तिच्या डोक्यात काहीच विचार नव्हता. रविवारी मावशी येईल, भिंत बघेल, बाबांना बघेल, एवढंच होतं.

करकर थांबली. पाईपवर दोन ठोके आले.

तिने उत्तर दिलं. विचार केलाच नाही. न्हाणीघरात असेल त्याने उत्तर द्यायचं, हे तिच्या बोटांना तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती काही अंघोळ करत नव्हती, अंगाला साबण नव्हता, थांब म्हणायचं कारण नव्हतं. तिने दोन ठोके दिले.

चालेल.

मग पलीकडे नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी सिंकमध्ये पडत होतं. शांत, एकसारखी धार.

मोठा कॉक बंद होता. पाईप रिकामा होता. तो तिच्या मुठीत होता आणि त्यातून काहीच वाहत नव्हतं.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ठोके मऊ होते.

ती वाकली आणि भोकातून तिने पलीकडे पाहिलं.

बाबांचे दोन्ही हात पान्यावर होते. काळं वंगण लागलेले, ओळखीचे. त्या दोन हातांच्या मधोमध पाईपवर आणखी एक हात होता. पांढरट. फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांची टोकं चुरगळतात ना, तसा तो सगळाच चुरगळलेला होता, मनगटापर्यंत आणि त्याच्याही वर. पाईपवर तो असा ठेवलेला होता, जसं आपण कोणाच्या तरी दारावर ठोकून हात तसाच ठेवतो, दार उघडेपर्यंत.

बाबांना तो दिसत नसावा. ते जॉईंट बघत होते.

मग तो हात पाईपवरून सुटला आणि घाई न करता वर गेला, भोकाच्या कडेपलीकडे, जिकडे बाबांचा चेहरा होता. बाबांच्या हातांची पकड हळूहळू सैल झाली. पाना त्यांनी खाली ठेवला, आवाज न करता.

"बाबा," मुंगी म्हणाली. तिला वाटलं ती ओरडली. आवाज तिच्याच कानापर्यंत पोचला नाही.

पलीकडची धार थांबली.

"झालं बघ," बाबांचा आवाज आला. ताजा, मोकळा, नुकत्याच झोपून उठलेल्या माणसाचा. "बसला जॉईंट. ये बाहेर."

७

रविवारी मावशी आली. भिंतीला गिलावा झाला होता. भांडी घासून पालथी घातलेली होती. बाबा गुणगुणत टेबल पुसत होते. मावशी दारातच उभी राहिली आणि तिने पदराने डोळे टिपले. "भाऊजी सुटले बाई एकदाचे," ती मुंगीच्या कानात म्हणाली. "तू राहा इथेच. आता काळजी नाही."

मुंगीने मान हलवली.

सोमवारी बाबा कामावर गेले. मालक खूश झाला. नळ गळत नव्हते, पाईप वाजत नव्हता. बाबा वेळेवर येत, वेळेवर जेवत, मुंगीचा अभ्यास घेत. कपाट आवरायला काढलं तेव्हा आईच्या कपड्यांच्या घड्या त्यांनी एकामागून एक मावशीच्या हातात दिल्या. एकाही घडीवर त्यांचा हात थांबला नाही. मावशीच एक ओढणी धरून मध्येच बसून राहिली. बाबा तिचं होईपर्यंत सौजन्याने थांबले, बसमध्ये एखाद्या अनोळखी म्हातारीचं सामान उतरेपर्यंत थांबावं तसे.

मुंगीला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बाबा पाटावरून उठले होते. कधीकधी तिला वाटे, की ते शुक्रवारी दुपारीच उठले होते, तिच्याकडे पाहून, स्वतःच. मग ती तो विचार तिथेच सोडून देई. त्याचं पुढे काही करता येण्यासारखं नव्हतं.

एका संध्याकाळी ती धडा वाचत होती. बाबा समोर बसून सफरचंद चिरत होते. बाहेर कोणीतरी आपल्या नवऱ्याला जोरात हाक मारली आणि बाबांनी मान वर केली.

"काय गं," त्यांनी सहज विचारलं, "तुझी आई मला काय म्हणून हाक मारायची?"

पाहुण्याने घरातल्या फोटोबद्दल विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

मुंगीला ते ठाऊक होतं. आई त्यांना सगळ्यांसारखी हाक मारायची नाही. तिचा एक स्वतःचा शब्द होता, गमतीचा, लहानसा, दोन्ही खोल्यांमध्ये रोज उठणारा. मुंगीने तोंड उघडलं. शब्द जिथे असायचा तिथे ती पोचली. ती जागा कोरडी होती, स्वच्छ होती.

ती आठवत राहिली. बाबा वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्यांनी सफरचंदाची एक फोड तिच्यापुढे सारली.

"असू दे," ते हसून म्हणाले. "आठवलं तर सांग."